डांबरवाले आणि पत्रावाले

इमारत तीसेक वर्षांची झाली की तिच्यात दोन पक्ष जन्माला येतात : डांबरवाले आणि पत्रावाले. तोवर माणसं ए विंग-बी विंग, गाडीवाले-बिनगाडीवाले, मेंटेनन्स भरणारे आणि न भरणारे अशा किरकोळ गटांत गुण्यागोविंदाने भांडत असतात. मग एका जुलैत वरच्या मजल्यावरच्या हॉलच्या छताला पिवळट डाग पडतो. घरमालक दर रविवारी स्टुलावर चढून पेन्सिलीने त्या डागाची हद्द आखतो, बाजूला तारीख घालतो आणि फोटो काढून सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकतो. त्यावर पहिल्या मजल्यावरून हात जोडलेला इमोजी येतो. तळमजल्यावरून काहीच येत नाही.

आमची इमारत डोंबिवलीतली, १९८०च्या दशकातली, तळ अधिक तीन, बिनलिफ्टची. गच्ची सपाट. कोकणपट्टीत पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि तरीही आपण सगळ्यांनी उतरती छपरं मोडून सपाट स्लॅब टाकले. आजोबांच्या घराला कौलं होती. पाणी आलं तसं पागोळ्यांवाटे निघून जायचं. नातवाने शहरात स्लॅब टाकला आणि पाण्याला म्हणाला, "या, बसा."

पाणीही बसतं. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला एक लिटर पाणी. गच्ची दोनशे चौरस मीटरची धरली तरी एका पावसाळ्यात तिच्यावर चार लाख लिटर पाणी पडतं, म्हणजे दहा हजार लिटरचे चाळीस टँकर. वरून फुकट येतात तेव्हा ते आम्हाला नको असतात. मे महिन्यात तेच टँकर आम्ही खालून पैसे मोजून मागवतो. हा हिशेब सांगितल्यापासून आमचे खजिनदार माझ्याशी मोजकंच बोलतात.

गळतीचा खर्च कोणी करायचा याबद्दल खरं तर वादाला जागा नाही. गच्ची सोसायटीची, तिच्यातून गळणारं पाणीही सोसायटीचं आणि दुरुस्ती सगळ्यांनी मिळून करायची, असं आदर्श उपविधींत स्वच्छ लिहिलेलं आहे. पण उपविधी वाचणारा सभासद आणि पैसे देणारा सभासद या दोन वेगळ्या व्यक्ती असतात. "पाणी यांच्या हॉलमध्ये गळतं, मी का भरू?" असं तळमजल्यावरच्या वहिनी विचारतात. त्यावर तिसऱ्या मजल्यावरचे काका दर वर्षी एकच उत्तर देतात : "वहिनी, आमचं घर हेच तुमचं छप्पर आहे."

दुरुस्ती निधी असतो, नाही असं नाही. तो बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दर वर्षी जमवायचा असा दंडक आहे. फक्त तो खर्च इमारत बांधली तेव्हाचा. त्या काळी जेवढ्यात अख्खा फ्लॅट उभा राहायचा तेवढ्यात आज बाथरूमच्या टाइल्स आल्या तरी नशीब. त्याच्या पाऊण टक्क्यात गच्चीच्या दाराला कुलूप येतं. आमच्याकडे तेवढं आणलेलं आहे.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपूर्वी घ्यावी लागते. सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी डाग ओला असतो, माणसं तापलेली असतात आणि गणपूर्ती नसते. मग सभा अर्ध्या तासासाठी तहकूब होते आणि अर्ध्या तासाने त्याच जागी, तेवढ्याच माणसांनिशी, कायदेशीर होऊन पुन्हा भरते. ठराव होतो : तीन कोटेशनं मागवावीत. ऑक्टोबरात पाऊस जातो, डाग सुकतो, विषयही सुकतो. दिवाळीत गच्चीकडे बघायचं ते कंदील टांगण्यापुरतं. जानेवारीत लग्नं, मार्चमध्ये ज्याचे त्याचे हिशेब, एप्रिलमध्ये परीक्षा आणि गावची तिकिटं. मेच्या तिसऱ्या आठवड्यात कोणाला तरी गळती आठवते. तोवर शहरातला झाडून सगळा वॉटरप्रूफिंगवाला बुक झालेला असतो. "साहेब, आता ऑक्टोबरातच," तो म्हणतो. ओल्या स्लॅबवर डांबराची शीट धरत नाही, खालच्या ओलीची वाफ होऊन तिला फुगे येतात, हे त्याचं म्हणणं शास्त्राला धरून असतं, त्यामुळे त्याच्याशी भांडताही येत नाही.

डांबरवाल्यांचे पुढारी सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले आहेत. त्यांना कुठलाही विषय मुळापासून मांडायची सवय असल्याने त्यांनी मोहेंजोदडोपासून सुरुवात केली. तिथल्या महास्नानगृहात पाणी मुरू नये म्हणून विटांच्या भिंतीमागे डांबराचा थर दिलेला आहे आणि त्याला चार हजारांहून अधिक वर्षं झाली आहेत, असं त्यांनी भर सभेत सांगितलं.

"पण तिथे आज राहतं कोण?" पत्रावाल्यांतून आवाज आला.

"सभासद गेले," ते शांतपणे म्हणाले, "डांबर आहे."

यावर टाळ्या पडल्या आणि डांबराचं पारडं जड झालं. हल्लीचं डांबर बादलीतून ओतत नाहीत. ते गुंडाळीतून येतं. मीटरभर रुंद, दहा मीटर लांब, तीन-चार मिलिमीटर जाड. आत पॉलिएस्टरची जाळी आणि डांबरात उन्हाने वितळू नये म्हणून कालवलेलं प्लास्टिक. कारागीर गॅसच्या टॉर्चने तिची खालची बाजू तापवत, पायाने लोटत पुढे जातो आणि मागची पट्टी पुढच्या पट्टीवर चार बोटं चढवतो. हे काम बघायला अख्खी इमारत गच्चीवर जमते, कारण सोसायटीचा पैसा डोळ्यांदेखत जळताना दिसण्याचा योग सहसा येत नाही.

विरोधकांचा मुद्दा एकच, पण तो बिनतोड वाटायचा : "रस्त्यावरचं डांबर एका पावसात वाहून जातं. ते गच्चीवर कसं टिकणार?" महाराष्ट्रात राहून या प्रश्नाला उत्तर देणं अवघड. वास्तविक रस्त्यावर पाणी खडी आणि डांबर यांच्या मधे शिरतं आणि वरून जाणाऱ्या ट्रकचं चाक त्याला पिचकारीने मारल्यागत आत ढकलतं. गच्चीवर ट्रक जात नाहीत. गच्चीवर डांबराचा वैरी वेगळा, ऊन. उन्हाने ते वर्षानुवर्षं कडक होत जातं आणि मग तडकतं. शिवाय काळं असल्याने ते ऊन पिऊन घेतं आणि रात्रभर खालच्या बेडरूममध्ये सोडत राहतं. छत गळत असताना तिसऱ्या मजल्यावरचे काका निदान गारव्यात होते.

पत्रावाल्यांच्या पुढाऱ्यांचं एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे. इतिहासात आपण मागे पडू नये म्हणून तेही तयारीने आले होते. लोखंडी पत्र्याला पन्हळी पाडायची कल्पना लंडनच्या गोदीतले एक इंजिनिअर हेन्री पामर यांनी १८२९मध्ये पेटंट केली. सपाट पत्रा स्वतःच्या वजनाने वाकतो. त्याला पन्हळी पाडल्या की तोच पत्रा ताठ उभा राहतो. पुढे १८३७मध्ये सोरेल नावाच्या फ्रेंच माणसाने लोखंडावर जस्त चढवायचं पेटंट घेतलं. जस्ताचा गुण असा की ओरखडा पडला तर ते आधी स्वतः झिजतं आणि आतल्या लोखंडाला वाचवतं. सोसायटीच्या कमिटीत या गुणाचा माणूस माझ्या बघण्यात नाही.

पत्र्याची भाषा मात्र फसवी. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. आमच्या खजिनदारांनी चोवीस गेजपेक्षा सव्वीस गेजचा भाव कमी असल्याचं पाहून "दोन गेज जास्त आणि पैसे कमी" अशी आनंदाची बातमी ग्रुपवर टाकली. त्यावर बरेच अंगठे आले. वर्कशॉपवाल्यांनी खुलासा केला तेव्हा ती बातमी काढून टाकण्यात आली, पण अंगठे देणाऱ्यांपैकी कोणी आपला अंगठा मागे घेतल्याचं ऐकिवात नाही.

गच्चीवर लोखंडी सांगाडा उभारून वर पत्र्याची शेड घातली की स्लॅबवर ना पाऊस पडत, ना ऊन. मधली हवा खेळती राहते, वरचा मजला उन्हाळ्यात खरोखर निवतो. हे सगळं खरं आहे. खरं नाही ते असं, की शेड घातली की प्रश्न संपला. वाऱ्याने पाऊस आडवा येतो, तेव्हा पत्रा कठड्याच्या बाहेर काढावा लागतो. महापालिकेची परवानगी लागते, आणि ती न घेता घातलेल्या शेडला कोणी बाजूने भिंत घातली की नोटीस घरपोच येते. सांगाडा ठोकायला स्लॅबला भोकं पाडावी लागतात. गळती थांबवण्यासाठी गच्चीला भोकं पाडायची, या कल्पनेत काहीतरी विसंगत आहे हे वेल्डर सोडून सगळ्यांच्या लक्षात येतं.

आणि वारा. वारा छपराला दाबत नसतो, उचलत असतो. पत्र्यावरून जोराचा वारा गेला की वरचा दाब कमी होतो, आणि शेड चारी बाजूंनी उघडी असली की खालूनही वारा रेटा देतो. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला धडकलं तेव्हा तिकडच्या किती घरांचे पत्रे दुसऱ्यांच्या वाडीत जाऊन पडले. ही आठवण निघाली की समोरच्या इमारतीतले लोक आमच्या सभेत फार रस घेऊ लागतात.

कबुतरांचाही विचार करावा लागतो. शेडखालचे आडवे पाइप त्यांना कोणी आखून दिल्यागत सोयीचे पडतात. पण कबुतरांविषयी हल्ली कोणत्या बाजूने बोलावं हे ठरवूनच बोलावं लागतं, तेव्हा तो मुद्दा इतिवृत्तात घेतलेला नाही.

एवढ्यात तिसऱ्या बाजूने अमेरिका आली. बी विंगमधले एक काका न्यू जर्सीला मुलीकडे सहा महिने राहून आले आहेत. तिकडे घरांच्या छपरांवर सर्रास डांबरच असतं, असं त्यांनी सांगितलं तेव्हा सभेत क्षणभर आदर पसरला. शिंगल म्हणतात त्याला. काचतंतूंच्या चटईला डांबर पाजतात, वर रंगीत दगडी कणी पेरतात आणि माशाच्या खवल्यांवर खवले बसवावेत तशा त्या पट्ट्या खालून वर चढत्या ओळींत ठोकतात. १९०३च्या सुमारास मिशिगन राज्यातल्या ग्रँड रॅपिड्स गावी एका छपरवाल्याने डांबराच्या गुंडाळ्या कापून या पट्ट्या पहिल्यांदा केल्या असं मानतात. कणी झडून पन्हळीत जमायला लागली की छप्पर म्हातारं झालं असं समजायचं. वीस-तीस वर्षांनी सगळं उचकटून नवं घालायचं. नाहीतर एकदाच दुप्पट-तिप्पट पैसे मोजून पत्रा घालायचा, तो चाळीस-पन्नास वर्षं आणि नीट राखला तर त्याहूनही अधिक टिकतो.

"म्हणजे तिकडेही हाच वाद?" सेक्रेटरींनी अविश्वासाने विचारलं.

"हाच. आणि मुलीच्या कॉलनीत घरमालकांची संघटना आहे. छपराचा रंग कोणता, पत्रा चालेल की नाही, ते तीच ठरवते. मीटिंग असते."

सभेत शांतता पसरली. सोसायटीच्या मीटिंगांना कंटाळून ज्यांची मुलं सातासमुद्रापार गेली होती, ते सगळे एकदम गंभीर झाले. काकांची शिंगलची सूचना मात्र टिकली नाही. तिला दर बारा फुटांना निदान दोन फूट उतार लागतो. आमच्या गच्चीला शंभर फुटांत एक फूट होता, तोही कागदावर.

काकांनी जाता जाता एक गोष्ट सांगितली ती मला महत्त्वाची वाटली. तिकडचा माणूस म्हणे आधी स्वतःला विचारतो, आपण या घरात किती वर्षं राहणार? पाच-दहा वर्षांत विकून जायचं असेल तर डांबर, तिथेच म्हातारं व्हायचं असेल तर पत्रा. आमच्याकडे हा प्रश्न विचारला की एकच उत्तर येतं : "दोन वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणारच आहे." ही दोन वर्षं आमच्या इमारतीत फार जुनी आहेत. कित्येक मुलं त्यांत शाळेतून कॉलेजात गेली. बिल्डर येतो, पेढे देतो, वाढीव चटईक्षेत्राचा आकडा सांगतो आणि पुढच्या गल्लीत जातो. ज्या इमारतीला आपण उद्या पडणार असं वाटतं ती इमारत छपरावर खर्च करत नाही, आणि छपरावर खर्च न केल्यामुळेच ती पडायला होते. माझ्या मते डोंबिवलीपासून बोरिवलीपर्यंतच्या निम्म्या गळत्यांचं कारण डांबरात किंवा पत्र्यात नसून या दोन वर्षांत आहे.

निर्णय होत नव्हता तो वाळवणाने जवळजवळ करून टाकला होता. डांबर घातलं तर गच्ची काळी होणार, चपलेला चिकटणार, तिच्यावर कुरडया कशा घालायच्या? पत्रा घातला तर मुळात ऊनच येणार नाही. महिला सभासदांनी दोन्ही पक्षांना एकाच दुपारी निकालात काढलं. मतदान झालं असतं तर गळती बहुमताने निवडून आली असती.

शेवटी एका स्ट्रक्चरल इंजिनिअरना बोलावलं. ते आले आणि खालीच थांबले, कारण गच्चीची चावी सापडेना. ती सेक्रेटरींकडे नव्हती, वॉचमनकडे नव्हती, केबलवाल्याकडे होती. वर गेल्यावर त्यांनी डांबराविषयी एक शब्द काढला नाही आणि पत्र्याविषयीही नाही. ते सरळ कोपऱ्यात जाऊन उकिडवे बसले. कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे गोलाई देऊन केलेला सिमेंटचा वाटा जागोजागी सुटला होता. पाण्याचा पाइप स्लॅबमधून खाली जातो त्याच्याभोवती बोट जाईल एवढी फट होती. कोणीतरी डिश अँटेनाचे बोल्ट थेट कोब्यात ठोकले होते, अँटेना केव्हाच गेली होती, भोकं होती. टाकीच्या मागे हातभर पिंपळ. आणि पावसाचं पाणी जायच्या जाळीवर सुकलेली पानं, दुधाची पिशवी आणि कावळ्यांसाठी ठेवलेल्या पोळ्यांचा थर.

"पाणी पृष्ठभागातून शिरत नाही," ते म्हणाले, "सांध्यातून शिरतं. वर काहीही घाला, आधी हे बुजवा."

मग गच्चीवर आधीच केवढं ओझं आहे ते त्यांनी दाखवलं. दर गळतीला एकेका कमिटीने जुन्यावर नवा विटांच्या तुकड्यांचा कोबा चढवला होता. चार इंचाचा एक थर म्हणजे चौरस मीटरला दीडशे-दोनशे किलो. त्यापुढे डांबराची शीट चार-पाच किलोची आणि पत्राही तेवढाच. वजनात दोन्ही पक्ष बरोबरीचे निघाले.

गंमत पुढेच आहे. दोन्हींचे नमुने खाली टेबलावर ठेवले होते. पत्रावाल्यांच्या नमुन्यात जे-हुक बोल्ट होता आणि त्याच्या डोक्याखाली, भोकातून पाणी येऊ नये म्हणून, काळी चकती. "ही कशाची?" वहिनींनी विचारलं. डांबराची. पिढ्यान्‌पिढ्या पन्हळी पत्र्याच्या बोल्टाखाली डांबरी वॉशर बसवत आले आहेत. तो नसेल तर पत्रा बोल्टागणिक गळेल. मग त्यांनी डांबराची शीट उलटून पाहिली. उन्हापासून वाचवायला तिच्या वरच्या अंगाला चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा डकवलेला होता. दोन्ही पुढारी आपापल्या नमुन्याकडे पाहत राहिले. एवढी वर्षं ते ज्याच्याशी भांडत होते तो त्यांच्याच पिशवीत होता.

माझं मत विचाराल तर स्लॅब आतून धड असेल, सळया गंजून फुगलेल्या नसतील, तर वाटे आणि पाइपांचे गळे नीट करून, वरचे जुने थर काढून, कोरड्या दिवसांत डांबराची शीट घालावी आणि चालण्या-फिरण्याकरता तिच्यावर फरशी करावी. वाळवण त्या फरशीवर घालता येतं. स्लॅबच थकला असेल आणि रिडेव्हलपमेंटची दोन वर्षं खरोखर कागदावर आली असतील, तर परवानगी काढून, इंजिनिअरच्या नकाशाबरहुकूम पत्र्याची शेड. काम झालं की जाळ्या बुजवून गच्चीत दोन दिवस पाणी भरून ठेवायचं आणि खाली कुठे पाझरतं का ते बघायचं, तोवर ठेकेदाराला शेवटचा हप्ता द्यायचा नाही. या चाचणीला लागणारं पाणी आम्ही टँकरने मागवलं. खजिनदारांनी त्या बिलावर सही केली, पण माझ्याकडे बघत केली.

तुमच्या इमारतीत डांबर जिंकेल की पत्रा, ते जिंको बापडे. तेवढ्यात एक करा : पाऊस यायच्या आधी एकदा वर जाऊन त्या जाळ्या साफ करा. त्याला सभा लागत नाही, गणपूर्ती लागत नाही, कोटेशनही लागत नाही. फक्त गच्चीची चावी कोणाकडे आहे तेवढं आजच विचारून ठेवा.